झाईपर्यंतचा किनारा

माझ्या नणंदेचे यजमान दर शनिवारी वापीहून डहाणूला येत, ते आम्हाला भेटायला नव्हे, चालायला. वापीच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर इतर लोक शेअर बाजार धरतात किंवा देवळाची कमिटी धरतात, त्यांनी चालणं धरलं. शनिवारी दुपारी किनारा, रविवारी सकाळी जंगल, संध्याकाळच्या गाडीने परत. त्यासाठी त्यांची एक कापडी पिशवी आमच्या पडवीत कायम टांगलेली असे. तीत वाळूवर चालायच्या चपला आणि जंगलात चालायचे बूट.

मला साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं. माझा नवरा दुकानाच्या गल्ल्यापासून मोटरसायकलपर्यंत चालतो, त्यापुढे नाही. चिकूच्या वाड्यांना लागणारे पंप आणि पाइप असं आमचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं, म्हणून मी भावोजींबरोबर जाऊ लागले. चालताना ते बोलत नसत. मला ते सोयीचं होतं.

किनाऱ्याचं त्यांचं ठरलेलं होतं. पारनाक्याहून निघायचं आणि सुरूच्या बनाच्या कडेने उत्तरेला नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी. थंडीत पाय साथ देत असतील तर थेट झाईपर्यंत. झाईला खाडी आडवी येते आणि खाडीपलीकडे गुजरात सुरू होतो. तिथे पोचलं की ते खाडीकडे बघून मान हलवत आणि वळत, जणू फाटकच लागलं. मग रिक्षाने घरी. आमच्याकडची वाळू काळपट आणि घट्ट आहे. ओहोटीला ती इतकी लांबवर उघडी पडते की पाणी कुठे गेलं ते शोधावं लागतं. नरपडच्या पुढे मध्येच खडक लागतात. त्यांच्यावर कालवं चिकटलेली असतात आणि ती अनवाणी पायाला ब्लेडसारखी कापतात.

जंगलाचं ठरलेलं नव्हतं. कधी विवळवेढ्याच्या डोंगरामागची वाट, कधी कैनाडच्या शेतांमधून वर चढणारी, कधी सायवनकडची. एका ठिकाणी वन खात्याने पर्यटकांसाठी पायवाट आखली आहे. सिमेंटची बाकं आहेत, झाडांच्या नावांच्या पाट्या आहेत. त्यातल्या निम्म्या पाट्या उपटून कोणीतरी कुंपणाला लावल्या. भावोजींना त्याचा राग येई. मला तो व्यवहार समजत होता. कुंपणाला पत्रा लागतोच.

नणंद कधीच आमच्याबरोबर आली नाही. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण लग्नात सासूबाईंनी बजावलं म्हणून मी तिला ‘वन्सं’ आणि ‘तुम्ही’ म्हणू लागले, ते तसंच राहिलं. ती मला ‘वहिनी’ म्हणते आणि ‘तू’ म्हणते. शनिवारी ती माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्या डब्यांची झाकणं उघडून बघे.

“माझ्याबरोबर बाजारात दोन दुकानं फिरले की यांचे गुडघे दुखतात,” ती म्हणायची. “इथे आले की घोडा.”

श्रावणातला शनिवार होता. जेवताना त्या दोघांचं वाजलं. भावोजींना वापीचा फ्लॅट विकून इकडे घर घ्यायचं होतं, वन्संना ते नको होतं. हे भांडण जुनं होतं आणि त्यातली वाक्यंही जुनी होती.

“एक दिवस असा चालत सुटेन की परत वळणारच नाही,” भावोजी म्हणाले.

“जा की! कोणी धरून ठेवलंय?” वन्सं म्हणाल्या. “जाताना गॅसचा नंबर लावून जा तेवढा.”

आम्ही सगळे हसलो. भावोजीही हसले. पाकीट नेहमीप्रमाणे फडताळावर ठेवून, पिशवी खांद्याला लावून ते निघाले. मला दुकानात माल उतरवून घ्यायचा होता, मी गेले नाही.

दिवेलागणीला ते आले नाहीत. फोन बंद लागला. माझा नवरा आणि शेजारचे दोघं टॉर्च घेऊन गेले. नरपडच्या पुढे एका सुरूच्या झाडाला पिशवी अडकवलेली सापडली. आत पाण्याची बाटली आणि चपला होत्या. बूट नव्हते.

या बुटांनी पुढचे सगळे दिवस नासवले. पोलिसांत तक्रार दिली, कोळ्यांच्या होड्या दोन दिवस फिरल्या, काही मिळालं नाही. दुसरीकडे वापीत त्यांच्या सोसायटीत कुजबुज सुरू झाली, आणि कुजबुज कानावर पडेल एवढ्या आवाजातच करतात. बुडणारा माणूस चपला काढून बूट घालतो का? पाकीट ठेवून गेला, म्हणजे मोहमाया सोडून गेला. कोणी म्हणालं नर्मदेवर गेला असेल. कोणी म्हणालं एवढ्या वयात माणूस एकटा जात नाही. त्यांना मूलबाळ नाही, त्यामुळे लोकांची जीभ जास्तच सैल सुटली. वन्संना हे सगळं फोनवर सांगणाऱ्या मैत्रिणीही होत्या.

मला स्वतःला शंका नव्हती. कालवं लागतील म्हणून बूट घालून पाणी चढत असताना खडकांवर गेले असतील आणि घसरले असतील. पण बायको समोर बसलेली असताना असं बोलता येत नाही.

एका म्हाताऱ्या कोळ्याला आम्ही विचारलं. तो जाळं विणत बसला होता, वर न बघता म्हणाला, “या दिवसांत पाणी वर ओढतं, बाई. गुजरातकडे. गेलेलं सगळं वरच लागतं. भरतीची रेघ बघत जा.”

वन्सं घरी आल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, तुझे चालायचे सँडल मला दे. तू दुसरे घाल.”

“तुम्ही कुठे चालणार? तुमचे पाय...”

“माझे पाय माझ्याकडे राहू दे. चल.”

अशी वन्संची आणि किनाऱ्याची ओळख झाली. पारनाक्याहून झाई एका दमात होणं त्यांच्याच्याने शक्य नव्हतं. आम्ही तुकडे केले. आज नरपड ते चिखले, उद्या चिखले ते घोलवड. चार-चार दिवसांत झाई गाठायची आणि परत पहिल्यापासून सुरू. भरतीने आणून टाकलेल्या कचऱ्याची जी रेघ असते तिच्यावरून चालायचं. पावसाळ्यात समुद्र काय काय टाकतो ते मी आधी नीट पाहिलं नव्हतं. डांबराच्या गोळ्या, त्या चपलेला चिकटल्या की रॉकेलशिवाय निघत नाहीत. जाळ्यांचे गुंते. औषधांच्या बाटल्या, थर्माकोल, हळदकुंकवाच्या पुड्या, फुगलेलं कुत्रं. सुट्या चपला इतक्या, की एखादा दुकान काढील. वन्सं प्रत्येक चप्पल पायाने उलटी करून बघत, बूट असला तर खाली वाकत.

एकदा चिखल्याला लांबूनच वास आला. सुरूच्या मुळाशी काहीतरी मोठं काळं पडलं होतं आणि वर कावळे. वन्सं थांबल्या. मला म्हणाल्या, “तू जा.” मी पदर नाकाला लावून गेले. कासव होतं. पाठ फुटलेली, डोळे गेलेले.

“कासव आहे,” मी ओरडले.

वन्सं मटकन वाळूत बसल्या. मी जवळ गेले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. चिडल्या होत्या.

“कासवाला इथेच मरायचं होतं?” त्या म्हणाल्या.

शनिवार-रविवारी पर्यटक असत. घोडागाडी, पाण्यात उड्या, कणसं. एका जोडप्याने वन्संना त्यांचा फोटो काढायला सांगितलं. वन्संनी फोन हातात घेतला, नीट धरला, “जरा डावीकडे सरका,” म्हणाल्या आणि दोन फोटो काढले. मग फोन परत देऊन पुन्हा रेघेवरून चालू लागल्या.

झाईला पोचलो की आम्ही खाडीच्या तोंडाशी एका झोपडीवजा हॉटेलात चहा घ्यायचो. समोर पाणी, पाण्यापलीकडे तसेच सुरू, तशीच वाळू. वन्सं पाय चोळत बसत. मी रिक्षावाल्याला फोन लावे. एवढं सगळं उत्तरेला जातं, गुजरातकडे जातं, हे आम्हाला म्हाताऱ्याने सांगितलं होतं, होडीवाल्यांनी सांगितलं होतं. वन्संचं घर गुजरातेत. दर शनिवारी गाडीने त्या खाडीपलीकडच्या उंबरगावावरूनच येत-जात. आमच्या दुकानाचं निम्मं गिऱ्हाईक पलीकडचं, आमच्या घरातले गव्हापासून गाद्यांपर्यंतचे जिन्नस पलीकडचे. तरी आमच्यापैकी एकालाही ती खाडी ओलांडून विचारायला जावंसं वाटलं नाही. पोलीस डहाणूचे, होड्या डहाणूच्या, तक्रार डहाणूची. आणि भावोजींची चाल नेहमी झाईला संपायची, म्हणून आमचीही झाईला संपली. आमच्या डोक्यात किनारा तेवढाच होता.

भाद्रपद लागला. भावोजींच्या भावांनी बोलणं काढलं. पितृपक्ष तोंडावर आला आहे, काहीतरी करायला हवं. देह मिळाला नाही तर दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. डोक्याच्या जागी नारळ ठेवतात. मग सुतक, पिंड, पुढचं सगळं. पालाशविधी म्हणतात त्याला. माझ्या सासरी पूर्वी एकदा झाला होता, त्यामुळे माझ्या नवऱ्याला माहीत होतं.

“आणि विधी झाल्यावर तो दारात उभा राहिला तर?” वन्संनी विचारलं.

त्यांचे दीर म्हणाले, “त्याचंही शास्त्र आहे. त्याचं पुन्हा बारसं करतात.”

“बारसं!” वन्सं म्हणाल्या. “मग पाळणा आधी आणून ठेवते.”

चार दिवस त्या हो म्हणाल्या नाहीत. सकाळी उठून किनाऱ्यावर जायच्या, आता एकट्याच, कारण मला दुकान होतं. पाचव्या दिवशी परत आल्या, पाय धुतले आणि भाजी निवडत असलेल्या माझ्यासमोर बसल्या.

“करा काय करायचं ते. पण पानं मी तोडणार. बाजारातून आणलीत तर मी बसणार नाही.”

माझ्या नवऱ्याने पूजेच्या दुकानात पानांची ऑर्डर दिली होती, ती मी रद्द केली.

सायवनकडे पळस खूप आहे. आम्ही दोघी सकाळच्या एसटीने गेलो. हायवे ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेने बुलेट ट्रेनचे खांब दिसत होते, मग शेतं सुरू झाली, मग उतारावरची नाचणी. फाट्यावर उतरून भावोजींची एक वाट होती ती मी धरली. पाऊस सकाळपासून नव्हता, पण झाडं ठिबकत होती. साग, ऐन, कुडा, मध्ये बांबूची बेटं. तेरडा गुडघ्यापर्यंत. वाटेवरची माती लाल आणि इतकी निसरडी की वन्संनी माझा दंड धरला तो सोडलाच नाही. डास चावत होते. किनाऱ्यावर निदान वारा असतो, इथे घाम निघाला की अंगावरच राहतो.

“यात काय बघायचे ते?” वन्संनी विचारलं.

“काही नाही. चालायचे.”

“पक्षी वगैरे?”

“नाही. कधीकधी थांबून पाणी प्यायचे.”

“माझ्याबद्दल काही बोलायचे?”

“वन्सं, ते कशाबद्दलच बोलायचे नाहीत.”

एका ओढ्याच्या काठी पळसाची दहा-बारा झाडं सापडली. फांद्या हाताला येतील एवढ्या खाली. पावसाने पानं ताटाएवढी झाली होती. मी कोयती आणली होती, पण देठासकट पान हवं म्हणून हातानेच तोडायला लागलो. तीनशे साठ लागतात असं भटजींनी सांगितलं होतं. वन्सं मोजत नव्हत्या, नुसत्या तोडत होत्या.

तोडता तोडता, माझ्याकडे पाठ करून त्या म्हणाल्या, “वहिनी, मी देवाला काय मागते माहीत आहे? मेलेला असू दे.”

मी हातातली पानं ढिगावर ठेवली.

“मेला असेल तर मी विधवा. विधवा कोणीही होतं, आई झाली होती. पण सोडून गेला असेल तर मी कोण? माझ्याबरोबर चाळीस वर्षं राहून माणूस बूट घालून निघून गेला, हे मी कोणाला सांगू? मी म्हटलं ना, जा की. सगळ्यांसमोर म्हटलं.”

“ते हसत होते.”

“तू बघितलंस?”

“बघितलं.”

“मला आठवत नाही,” त्या म्हणाल्या आणि फांदी खाली ओढली.

तेवढ्यात ओढ्यापलीकडून एक बाई आली. डोक्यावर लाकडांची मोळी, साडी गुडघ्याच्या वर खोचलेली. जवळच्या पाड्यावरची असणार. तिने मोळी उतरवून आमचा ढीग पाहिला.

“एवढी पानां कशाला, बाय? पत्रावळी?”

वन्संनी सांगून टाकलं, “हो. पत्रावळी.”

“मंग मोठी पंगत हाय. लगीन?”

“हो.”

“पोरीचा का पोराचा?”

वन्संनी आणखी एक पान तोडलं. “नवऱ्याचं,” त्या म्हणाल्या.

ती बाई खदखदून हसली. तिला वाटलं शहरातल्या बाईने चेष्टा केली. “नवऱ्याचा लगीन आन् तू पानां तोडतेस! मी आसते तर कोयता घेतला आसता!” म्हणत तिने पदर खोचला आणि आम्हाला पानं तोडू लागली. ती वरच्या फांद्यांची काढत होती, किडलेली बाजूला टाकत होती, “ही नको, फाटंल, भात सांडंल,” असं सांगत होती. वन्सं तिच्याबरोबर तोडत राहिल्या. दोघींचे हात एकाच फांदीवर. ढीग पुरेसा झाल्यावर त्या बाईने वेलीने गठ्ठे बांधून दिले. जाताना वन्संना म्हणाली, “लगनात नाचून घे पोटभर.”

परतीच्या एसटीत वन्संनी गठ्ठा मांडीवर घेतला होता. एकदा हसू फुटलं त्यांना, तोंडावर हात ठेवून बराच वेळ हसत होत्या. कंडक्टर बघत होता. मी खिडकीबाहेर बघितलं.

विधी डहाणूच्या खाडीकाठच्या स्मशानात झाला. पुतळा माणसाएवढा नसतो, लहान असतो. नारळ, दर्भ, पानं, दोऱ्याने बांधलेलं. भावोजींच्या पुतण्याने अग्नी दिला. हिरवी पानं नीट पेटत नाहीत, तूप घालावं लागलं आणि धूर फार झाला. आम्ही दोघी लांब उभ्या होतो. वन्संनी गळ्यातलं स्वतःच काढलं आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन लावली. घरी परत येताना एवढंच म्हणाल्या, “पटत नाही गं.” ते कोणाला उद्देशून होतं कोण जाणे. सुतक संपल्यावर त्या वापीला गेल्या.

पितृपक्ष संपून थोडे दिवस झाले असतील. सकाळी दुकान उघडत होते तेव्हा त्यांचा फोन आला.

“दुकान बंद कर आणि ये. दादालाही घे. गाडी घेऊन ये.”

झालं होतं असं. त्यांच्या गल्लीत येणारी मासेवाली नेहमीप्रमाणे दाराशी आली. ती उंबरगावच्या बाजूची. वन्संनी सांगितलं, आम्ही वर्षभर घेणार नाही. का म्हणून विचारल्यावर सांगितलं, नवरा डहाणूच्या किनाऱ्यावर गेला, मिळाला नाही. मासेवालीने टोपली खाली ठेवली.

“श्रावणात?” तिने विचारलं. “आमच्याकडे एक लागलेला, बेन. नारळी पुनवेच्या मागून. खडकात. तोंड काही ऱ्हायलं नव्हतं. बूट होते पायात.”

आम्ही आधी वापीला जाऊन वन्संना घेतलं आणि मग मागे खाडीपलीकडच्या त्या किनाऱ्याला गेलो. ज्या पोलीस चौकीत गेलो तिथे माणसं बरी होती. त्यांच्याकडे काही दिवस वाट पाहिली, कोणी आलं नाही, म्हणून अंत्यसंस्कार झाले. कपडे आणि बूट ठेवले होते. पुढे कागदपत्रं, नमुने, तपासणी हे सगळं झालं आणि तेही जुळलं, ते इथे सांगत बसत नाही, कारण वन्संचं काम त्या दिवशीच झालं.

एका गोणीतून त्यांनी बूट काढले. मिठाने पांढरे पडलेले, कडक झालेले. असे बूट कोणाचेही असू शकतात, असं माझा नवरा हळूच म्हणाला. वन्संनी एक बूट उचलला, आत बोटं घातली आणि तळाचं अस्तर ओढून बाहेर काढलं. हिरवं रबरी, वर बारीक ठिपके.

“सेलमध्ये घेतले होते, एक नंबर मोठे,” त्या म्हणाल्या. “आत घालायला मीच कापून दिलं. आमच्या बाथरूमचं पायपुसणं आहे.”

“पाक्कं ना, बेन?” हवालदाराने विचारलं.

“असलं पायपुसणं नवऱ्याच्या बुटात घालणारी दुसरी बाई दाखव मला.”

त्याने लिहून घेतलं. वन्सं अस्तर हातात धरून होत्या. त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं दिसत होतं, आणि ते बघायला मला बरं वाटलं नाही. नवऱ्याचे बूट ओळखणाऱ्या बाईचा चेहरा असा दिसू नये. पण तो तसा दिसत होता, हे खरं आहे.

ज्याने अग्नी दिला त्याला पोलिसांनी बोलावलं. साठीचा माणूस, गावातली बेवारस प्रेतं तोच करतो. तो आम्हाला जागा दाखवायला घेऊन गेला. सुरूचं बन, वाळू, पुढे काळे खडक. सगळं आमच्यासारखंच. खडकाकडे बोट करून म्हणाला, इथे. मग बनामागची राखेची जागा दाखवून म्हणाला, इथे.

“तुम्ही काय म्हणून दिलात अग्नी?” वन्संनी विचारलं. “नाव तर माहीत नव्हतं.”

“भाई म्हणून. सगळ्यांना भाई म्हणून देतो.”

“वर्षाला जेवायला या आमच्याकडे. पहिलं पान तुमचं.”

माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याला वर्षश्राद्धाचा आणि पुतण्याचा प्रश्न पडला असणार. त्या माणसाने हात जोडले.

“बेन, राग नका मानू. माझ्या हातून कितीतरी गेले. कोणाकोणाकडे जेवायला जाऊ?”

वन्संनी मान हलवली. त्यांना ते पटलं. मला वाटतं त्या महिन्यांत कोणी सांगितलेलं आणि त्यांना पटलेलं हे पहिलंच होतं.

गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, “नारळी पौर्णिमेच्या मागून, असं मासेवाली म्हणाली. तेव्हा आपण झाईला होतो.”

“होतो.”

“दरवेळी वळत होतो.”

“हो, वन्सं.”

माझ्या नवऱ्याने गाडी वापीच्या रस्त्याला लावली.

वापीला त्यांच्या सोसायटीच्या फाटकात गाडी थांबली. वॉचमन खुर्चीवरून उठला आणि रोजच्या सवयीने त्याने विचारलं, साहेबांचा काही पत्ता लागला का.

“लागला,” वन्सं म्हणाल्या. मोठ्याने म्हणाल्या, वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई खाली वाकली एवढ्या मोठ्याने. “मेले. त्याच दिवशी मेले. खडकावरून पाय घसरून पाण्यात पडले.”

लिफ्ट चालू होती, पण त्या जिन्याने गेल्या. मी त्यांची पर्स आणि पाण्याची बाटली घेऊन मागून. पहिल्या मजल्यावर एक दार उघडं होतं, तिथे थांबून त्यांनी सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर दार बंद होतं, तिथे त्यांनी बेल दाबली.